‘माय फेअर लेडी’ : वारंवार विचारले जाणारे प्रश्न

हा चित्रपट मी आजवर बऱ्याच जणांना आग्रहाने दाखवला आहे. कुणी मध्यंतराच्या आधीच घड्याळ बघू लागतं, कुणी शेवटावर चिडतं, आणि ज्यांनी ‘ती फुलराणी’ पाहिलेली असते ते पहिल्या दहा मिनिटांत भक्ती बर्वेंची आठवण काढतात. त्या गप्पांतून पुन्हा पुन्हा निघालेले प्रश्न आणि माझी उत्तरं इथे आहेत. शेवटासकट सगळी गोष्ट यात फुटते. कोऱ्या मनाने बघायचं असेल तर आधी बघून या.

गोष्ट काय आहे?

लंडन, विसाव्या शतकाची सुरुवात. कोव्हेंट गार्डनच्या बाजारात फुलं विकणारी एलायझा डूलिटल, आणि माणसाचे उच्चार ऐकून तो कुठल्या गल्लीतला हे सांगणारा ध्वनिशास्त्राचा प्राध्यापक हेन्री हिगिन्स. या पोरीला सहा महिन्यांत असं बोलायला शिकवीन की दूतावासाच्या नृत्यसमारंभात ती खानदानी बाई म्हणून खपेल, अशी तो बढाई मारतो. शिकवण्याचा खर्च पैजेवर लावायला कर्नल पिकरिंग तयार होतो. तो शिकवतो, ती खपते. त्यानंतर तिचं काय, हा प्रश्न हिगिन्सच्या आईला पडतो, घर सांभाळणाऱ्या मिसेस पिअर्सना पडतो, खुद्द एलायझाला पडतो. फक्त हिगिन्सला पडत नाही.

हे बर्नार्ड शॉचंच नाटक ना?

मुळात हो, पण वाटेत बरीच वळणं आहेत. शॉचं मूळ नाटक ‘पिग्मॅलियन’ पहिल्यांदा रंगमंचावर आलं ते १९१३ साली व्हिएन्नात, जर्मन भाषेत. लंडनला ते १९१४ मध्ये झालं. १९३८ साली त्यावर लेस्ली हॉवर्ड आणि वेंडी हिलर यांचा इंग्रजी चित्रपट आला आणि त्याच्या पटकथेसाठी शॉला ऑस्कर मिळालं. आपल्या नाटकाचं संगीतक होऊ द्यायला मात्र शॉ शेवटपर्यंत तयार नव्हता. त्याच्या आधीच्या एका नाटकावर कुणीतरी ऑपेरेटा, म्हणजे हलकीफुलकी संगीतिका, केला होता आणि त्याची चव त्याच्या तोंडातून गेली नव्हती. शॉ १९५० मध्ये वारला, आणि १९५६ मध्ये ॲलन जे लर्नर (शब्द) आणि फ्रेडरिक लोव (संगीत) यांचं ‘माय फेअर लेडी’ ब्रॉडवेवर उभं राहिलं. त्याचे २,७१७ प्रयोग झाले. त्यावरून जॉर्ज क्यूकर दिग्दर्शित चित्रपट आला १९६४ साली.

एक गंमत सांगण्यासारखी आहे. ज्या गोष्टी लोकांना शॉच्या वाटतात त्यांतल्या काही १९३८च्या चित्रपटातून आल्या आहेत. स्पेनमधल्या पावसाचं ते जीभ वळवणारं वाक्य तिथलं. दूतावासातला नाचही तिथलाच. मूळ नाटकात तो प्रसंग दोन अंकांच्या मधल्या मध्येच होऊन जातो, प्रेक्षकाला दिसत नाही.

लंडनमध्ये चित्रित केला आहे का?

नाही. सगळा कोव्हेंट गार्डन, सगळे पावसाळी रस्ते, हिगिन्सचं ते पुस्तकांनी भरलेलं दुमजली घर कॅलिफोर्नियात, बरबँकला वॉर्नर ब्रदर्सच्या स्टुडिओत उभं केलेलं आहे. जॅक वॉर्नरने नुसते हक्क घ्यायला ५५ लाख डॉलर मोजले, त्या काळी तो विक्रमच होता. एकूण खर्च १ कोटी ७० लाख डॉलरच्या घरात गेला.

पैसा पडद्यावर दिसतो, आणि कधी कधी तो जरा जास्तच दिसतो. बाजारातल्या कोबीलासुद्धा इस्त्री केल्यासारखी वाटते. एवढ्या महागड्या नाटकाला हात लावताना चित्रपटवाल्यांच्या हाताला कापरं भरलं असावं, असं मला नेहमी वाटतं. नाटक जसंच्या तसं जपायचं, एक पद गाळायचं नाही, कॅमेऱ्याने मध्ये मध्ये करायचं नाही, असं ठरवूनच सगळे कामाला लागलेले दिसतात. चित्रपटाचे बहुतेक गुण या जपणुकीतून आलेत आणि बहुतेक दोषही तिथूनच.

ज्युली अँड्र्यूजला का घेतलं नाही?

ब्रॉडवेवर एलायझा तिनेच उभी केली होती, तेव्हा ती अवघी वीस वर्षांची होती. गळा सोन्यासारखा. पण तिने तोवर एकही चित्रपट केलेला नव्हता आणि वॉर्नरला थिएटरबाहेरच्या पाटीवर खपणारं नाव हवं होतं. म्हणून ऑड्री हेपबर्न आली. पुढचा भाग दंतकथेसारखा वाटतो, पण खरा आहे. रिकाम्या राहिलेल्या ज्युलीने डिस्नेसाठी ‘मेरी पॉपिन्स’ केला, तोही १९६४ मध्येच आला, आणि १९६५च्या समारंभात सर्वोत्कृष्ट अभिनेत्रीचं ऑस्कर तिलाच मिळालं. ‘माय फेअर लेडी’ला १२ नामांकनं आणि ८ पुरस्कार मिळाले, त्यात सर्वोत्कृष्ट चित्रपट, क्यूकरचं दिग्दर्शन आणि हिगिन्स झालेला रेक्स हॅरिसन होते. हेपबर्नला साधं नामांकनही नव्हतं.

हेपबर्न स्वतः गायली नाही म्हणून एवढा गदारोळ कशाला? आपल्याकडे तर पार्श्वगायन सर्रास चालतं.

हा प्रश्न मराठी माणूस हटकून विचारतो, आणि तो विचारायला हवाच. लताबाईंच्या आवाजावर नायिकांच्या तीन पिढ्या पडद्यावर गायल्या, कुणाला फसवल्यासारखं वाटलं नाही.

पण आपल्याकडेही हे पहिल्या दिवसापासून असं नव्हतं. १९४९च्या ‘महल’मधलं ‘आयेगा आनेवाला’ आठवा. त्याच्या पहिल्या तबकडीवर गायिका म्हणून नाव होतं कामिनी, म्हणजे चित्रपटातल्या पात्राचं. गाणाऱ्या बाईचं नाव नंतर पुढे आलं. हॉलिवूड त्या कामिनीच्या टप्प्यावरच थांबलं. नटी गाते असंच भासवायचं आणि खऱ्या गळ्याचा श्रेयनामावलीत पत्ता नसायचा. एलायझाची बहुतेक गाणी मार्नी निक्सन या बाईंनी गायली आहेत. त्याआधी ‘द किंग अँड आय’मध्ये डेबोरा करचा आणि ‘वेस्ट साइड स्टोरी’मध्ये नॅटली वुडचा गाता गळाही त्याच होत्या. पडद्यावर नाव कुठेच नाही.

हेपबर्नने गाण्यासाठी तालीम घेतली होती, ध्वनिमुद्रणही केलं होतं. त्यातले काही तुकडे आज ऐकायला मिळतात. आवाज लहान आहे, वरच्या पट्टीत फाटतो, हे खरं. पण त्यात फुलवाली आहे. निक्सनबाईंचा आवाज इतका घासूनपुसून लख्ख आहे की बाजारात दगडी पायरीवर बसलेली, चेहऱ्याला काजळी फासलेली पोर तोंड उघडते आणि आतून शिकलेली सोप्रानो, म्हणजे उंच पट्टीची गायिका, बाहेर येते. मग हिगिन्सने तिला शिकवायचं तरी काय? ‘जस्ट यू वेट’ नीट कान देऊन ऐका. त्यातला करवादलेला राग हेपबर्नचा आहे, मधला उंच उडणारा भाग निक्सनचा. सांधा कळतो.

माझं या चित्रपटाबद्दलचं मुख्य गाऱ्हाणं इथे आहे. एका बाईला तिची बोली टाकून दुसऱ्याच्या तोंडची भाषा बोलायला लावतात आणि शेवटी ती स्वतःच्या आवाजात बोलायला शिकते, अशी ही गोष्ट. त्या गोष्टीत नायिकेचाच आवाज उसना. दुसऱ्या कुठल्या संगीतपटात हे मी मनावर घेतलं नसतं.

आणि हॅरिसन? तो गातो की बोलतो?

दोन्हीच्या मधलं काहीतरी करतो. सुरावर पाऊल ठेवतो आणि लगेच काढून घेतो. संगीत नाटकावर वाढलेल्या आपल्या कानाला सुरुवातीला हे चुकार वाटतं, पद म्हणायला उभा राहिला आणि गद्यात पळाला असं. पण हिगिन्स हा माणूसच असा आहे की तो सुरात विरघळणार नाही. त्याला प्रत्येक शब्द स्पष्ट पोचवायचा आहे.

त्याचं गाणं दर वेळी वेगळं पडायचं, त्यामुळे आधी मुद्रित केलेल्या गाण्यावर ओठ हलवणं त्याला जमेना. मग त्याच्या टायमध्ये बिनतारी मायक्रोफोन दडवला आणि त्याची गाणी सेटवरच मुद्रित केली. १९६३ सालच्या मानाने हे मोठंच धाडस होतं. त्याचा परिणाम बघा. इतर पात्रं गाताना थोडी काचेच्या पलीकडे वाटतात, हा माणूस त्याच खोलीत श्वास घेत असतो. शेवटाजवळ तिच्या चेहऱ्याची सवय झाल्याचं गाणं म्हणत तो रस्त्याने एकटा येतो, तेव्हा एका ओळीत चिडलेला, दुसरीत सुडाची स्वप्नं रंगवणारा आणि तिसरीत एकदम पोरका झालेला दिसतो. आधी मुद्रित करून ठेवलेल्या गाण्यात हे साधलं नसतं.

पण हिशेब मांडाच एकदा. ज्याला गाता येत नाही त्या पुरुषासाठी यंत्रणा वाकवली, आणि जिला थोडं कमी गाता येतं त्या बाईचा आवाजच बदलून टाकला.

मग हेपबर्नची निवड चुकलीच म्हणायची?

अर्धी. फुलवाली म्हणून ती पटत नाही. चेहऱ्याला कितीही काजळी लावली तरी मान राजकन्येचीच राहते, आणि तिचं कॉकनी, म्हणजे लंडनच्या गरीब वस्तीतलं बोलणं म्हणजे हौशी मंडळाच्या नाटकातलं गावरान बोलणं. वयही तेव्हा चौतीस होतं. पहिल्या तासात ती ओरडते फार.

पण उत्तरार्धात, विशेषतः नाच संपवून घरी आल्यानंतर, तिच्या तोडीचं काम त्या चित्रपटात हॅरिसनचंही नाही. हिगिन्सच्या आईच्या घरी बसून ती शांतपणे सांगते, की फुलवाली आणि खानदानी बाई यांच्यातला फरक त्या कशा वागतात यात नसतो, लोक त्यांना कसं वागवतात यात असतो. वाक्य शॉचं आहे. पण ते म्हणताना तिचा आवाज जराही चढत नाही, आणि तो आवाज तिचा स्वतःचा आहे.

सहनशक्ती किती लागते?

१७० मिनिटांची. मध्यंतर नाचाला निघताना येतं, तिथे चहा करून घ्या. ज्यांना गाण्यांमध्ये चुळबुळ होते त्यांच्यासाठी सांगतो, एलायझावर भाळलेल्या फ्रेडीचं तिच्या गल्लीतलं गाणं सुरेल आहे पण पडद्यावर एक तरुण नुसता चालतो आणि थांबतो. (तो जेरेमी ब्रेट, पुढे दूरचित्रवाणीवर शेरलॉक होम्स म्हणून गाजलेला. त्याचाही गाता गळा दुसऱ्याचाच.) एलायझाच्या बापाचं लग्नाआधीचं गाणंही दोन कडवी जास्त चालतं.

घोड्यांच्या शर्यतीच्या प्रसंगाचं एवढं कौतुक का?

कारण तिथे नाटक जसंच्या तसं जपणं सोडून चित्रपट एकदाचा खेळायला लागतो. सेसिल बीटनने ॲस्कॉटचं सगळं दृश्य काळ्या, पांढऱ्या आणि करड्या रंगात बांधलं आहे. माणसं पुतळ्यासारखी उभी. समोरून घोडे धडाडत जातात आणि ही मंडळी, आजचा दिवस किती रोमहर्षक आहे, असं मढ्याच्या चेहऱ्याने गातात. त्यात एलायझा येते. उच्चार निर्दोष, विषय मात्र चाळीतले. आत्या इन्फ्लुएन्झाने गेली म्हणतात, पण माझ्या मते तिचा कुणीतरी काटा काढला, हे ती शुद्ध उच्चारात, हवापाण्याच्या गप्पा माराव्यात तशी सांगते. मग घोडा मागे पडतो आणि तिच्या तोंडून बाजार बाहेर पडतो.

१९१४ साली शॉच्या नाटकात या जागी आलेल्या एका शिवीने लंडन हादरलं होतं. १९५६पर्यंत ती शिवी बोथट झाली होती, म्हणून लर्नरने घोड्याला उद्देशून नवी घातली. विनोद तोच राहिला. उच्चार सुधारता येतो, पण बोलायचं काय ते कुणी शिकवलेलंच नसतं. बीटनला वेशभूषेचं ऑस्कर मिळालं, आणि कलादिग्दर्शनाचंही विभागून. ते या एका प्रसंगासाठी दिलं असतं तरी चाललं असतं.

एलायझाच्या बापाचं या गोष्टीत काम काय?

वरवर पाहिलं तर हशे घेणं. स्टॅन्ली हॉलोवेने ब्रॉडवेवरही हीच भूमिका केली होती. पण शॉचा खरा दात या पात्रात आहे. आल्फ्रेड डूलिटल मुलीच्या बदल्यात पाच पौंड मागायला येतो. हिगिन्स खूश होऊन दहा देऊ करतो, तर हा नको म्हणतो. दहा हातात आले की माणूस विचार करायला लागतो आणि मग मजा संपते. पुढे हिगिन्सच्याच एका टवाळ शिफारशीमुळे त्याला वर्षासन मिळतं, आणि बिचारा सभ्य होतो. लग्न करावं लागतं. लेकीला भाषेने वर नेलं, बापाला पैशाने, आणि दोघंही तक्रार करतात की आता आपल्याला धड कुठेच जागा नाही. हे दोन धागे एकमेकांसमोर धरलेत हे पहिल्यांदा बघताना माझ्या लक्षातच आलं नव्हतं. मी नुसता हसत होतो.

हिगिन्स बायकांना इतकं टाकून बोलतो, हे आज कसं बघायचं?

तो तिला चिरडलेल्या कोबीच्या पानाची उपमा देतो, चॉकलेट दाखवून वळवतो आणि बाई पुरुषासारखी का नसते असं एक अख्खं गाणं गातो. ते गाणं त्याचीच टर उडवण्यासाठी लिहिलं आहे, कारण ते म्हणताना तो ज्या रडारडीचा आरोप बायकांवर करतो तीच स्वतः करत असतो. इथपर्यंत मी चित्रपटाची बाजू घेईन. अडचण अशी की हॅरिसन इतका गोड वाटतो की टवाळी बोथट होते. शॉने माणसातला उद्धटपणा दाखवला. इथे तोच उद्धटपणा आपण हौसेने ऐकतो.

शेवट असा का? ती परत का येते?

यावर भांडणं होतात, माझ्या घरीही झाली आहेत. शॉचा शेवट स्पष्ट होता. एलायझा निघून जाते. लंडनच्या पहिल्या प्रयोगांत हिगिन्स झालेल्या बीरबोम ट्रीने पडदा पडता पडता तिच्याकडे फुलं फेकून प्रेमकथेचा वास आणला तेव्हा शॉ भडकला, आणि १९१६ मध्ये त्याने एक लांबलचक उपसंहार लिहून ती फ्रेडीशी लग्न करते असं बजावून ठेवलं. तरी १९३८च्या चित्रपटाने तिला परत आणलंच. संगीतकाने तोच शेवट उचलला.

हिगिन्स घरी येऊन ग्रामोफोनसारख्या यंत्रावर तिच्या पहिल्या दिवशीचा आवाज लावतो. ती मागून येते, यंत्र बंद करते आणि पुढचं वाक्य त्याच जुन्या कॉकनीत स्वतः म्हणते. तो वळत नाही. टोपी डोळ्यांवर ओढतो आणि आपले स्लिपर कुठे आहेत ते विचारतो.

स्लिपरचा प्रश्न मला आजही खुपतो. सहा महिने राबलेल्या मुलीला दोन शब्द माफीचे मिळायला हवे होते. पण यंत्र बंद करण्याची ती कृती कुणाच्या सुपीक डोक्यातून आली असेल त्याला माझा नमस्कार. आता ती दोन्ही बोली बोलू शकते आणि कुठली बोलायची ते तीच ठरवते. २०१८च्या न्यू यॉर्कच्या प्रयोगात, लिंकन सेंटरला, दिग्दर्शक बार्टलेट शेरने संवाद न बदलता तिला शेवटी निघून जायला लावलं. संहितेत तेवढी जागा होतीच.

‘ती फुलराणी’ सरस की हा?

आधी एक गैरसमज काढू. पुलंनी १९७५ साली रूपांतर केलं ते शॉच्या नाटकाचं, या संगीतकाचं नाही. संगीतकावरून आला तो १९८०चा ‘मनपसंद’, देव आनंद आणि टीना मुनीम यांचा.

‘ती फुलराणी’तली नायिका मंजुळा इथे रुजली याचं कारण ‘पानी’ म्हणणाऱ्याकडे बघून ‘पाणी’ म्हणणाऱ्याच्या ओठावर येणारं ते बारीक हसू आपल्या ओळखीचं आहे. इंग्रजांचा गळलेला ‘ह’ आणि आपला हरवलेला ‘ण’ एकाच तागडीत बसतात. आणि मंजुळेकडे काय होतं? भक्ती बर्वेंचा आवाज. ‘तुला शिकवीन चांगलाच धडा’ हे स्वगत एलायझाच्या ‘जस्ट यू वेट’च्या जागी उभं आहे. त्यात ना वाद्यवृंद, ना उसना गळा. एक बाई एकटी रंगमंचावर चिडते, नकला करते, स्वप्न बघते. दृश्याच्या बाबतीत चित्रपट कितीही पुढे असो, या एका जागी मराठी नाटकाने त्याला मागे टाकलं, हे मी मराठी म्हणून म्हणत नाही. बरं, थोडं म्हणतो.

कुठली प्रत बघावी?

७० मिमीवर काढलेला चित्रपट आहे, फोनवर बघू नका. मूळ निगेटिव्हची अवस्था वाईट झाली होती. १९९४ मध्ये रॉबर्ट हॅरिस आणि जेम्स कॅट्झ यांनी ते सावरलं, आणि २०१५ मध्ये पुन्हा नव्याने काम झालं. ती २०१५ची प्रत मिळाली तर तीच घ्या, रंग आणि आवाज दोन्हींत फरक पडतो. इंग्रजी चांगलं असलं तरी सबटायटल लावा. अर्धी मजा उच्चारांत आहे आणि ते निसटतात.

एकच प्रसंग बघायला वेळ असेल तर?

नाचाहून परत आल्यानंतरचा. रात्र बरीच झाली आहे. पिकरिंग गातो की तूच हे केलंस, तूच. हिगिन्स खोटा विनय दाखवत मान डोलावतो. नोकरचाकर येऊन त्याचं अभिनंदन करतात. गाणं रंगत जातं, सगळे नाचतात. एलायझा खोलीच्या एका कडेला दागिन्यांसकट उभी आहे आणि तिच्याकडे कुणाचंही लक्ष नाही. या गाण्यात तिला एकही ओळ नाही. सगळे झोपायला जातात, आणि जाता जाता हिगिन्स तिला सांगतो की सकाळी आपल्याला कॉफी नको, चहा हवा, तेवढं मिसेस पिअर्सना सांगून ठेव.